आजोबांची फाइल मानखुर्दला असते

हार्बर लाइनवर रे रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडलात की थोडं चालल्यावर दारूखाना लागतो. (दारूखाना म्हणजे बार नाही. बंदुकीच्या दारूचं कोठार. कोठार गेलं, नाव उरलं.) इथे जुन्या बोटी तोडतात. गॅस कटरचा वास, लोखंडी प्लेटांनी भरलेले ट्रक आणि भंगाराच्या दुकानांत टांगलेले नांगर-साखळ्या. कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबवाल्यांना हा भाग माहीत असेलच.

२०१४ च्या मे महिन्यात इथे आयएनएस विक्रांत आणली गेली. भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावला झोडपून काढलं, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षं म्युझियम म्हणून उभी होती. मग साधारण साठ कोटींना भंगारात गेली. वाचवण्यासाठी लोक सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नाही. नोव्हेंबरात तोडकाम सुरू झालं. तिच्या लोखंडातलं काही बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची बाइक बाजारात आणली. जाहिरात बघून अंगावर काटा आला होता, हे मान्यच करायला हवं.

म्हणजे जहाजाचं काय झालं याचा पुरावा अजून रस्त्यावर धावतोय. पण त्या जहाजावर ड्युटी केलेल्या माणसाचं काय? आपण तिथे होतो हे सांगायला त्याला लोखंडाचा तुकडा चालत नाही. कागद लागतो. त्या कागदावर त्याचं नाव, जहाजाचं नाव, भरती झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण बरोबर लिहिलेलं असावं लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी पेन्शन अडते, पदक अडतं आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोचं फॅमिली पेन्शन अडतं.

हा कागद रे रोडपासून दहावं स्टेशन असलेल्या मानखुर्दला आहे. तिथे चीता कॅम्पात नौदलाचं ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’ आहे. देशभरातल्या नौसैनिकांची सेवापत्रकं तिथे सांभाळली जातात. रोज पनवेल लोकलने त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कुणास ठाऊक.

दहा वर्षं पाण्यात, दहा वर्षं कागदावर

आता ‘रिझर्व्हिस्ट’ हा शब्द. आपल्याकडे तो बँकेच्या रिझर्व्हसारखा वाटतो आणि अर्थही साधारण तोच आहे. सैन्य शांततेच्या काळात जेवढी माणसं पोसू शकतं त्यापेक्षा जास्त माणसं युद्धात लागतात. म्हणून माणसाला काही वर्षं प्रत्यक्ष नोकरीत ठेवायचं, मग घरी पाठवायचं, पण त्याचं नाव यादीत ठेवायचं. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून हजर व्हायचं. भारतात यासाठीचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १८८८ चा आहे.

नौदलात एके काळी सौदा असा होता: दहा वर्षं सक्रिय सेवा आणि त्यानंतर दहा वर्षं ‘फ्लीट रिझर्व्ह’. मिसरूड फुटायच्या वयात सही केलेला मुलगा ऐन तिशीच्या आत घरी येणार आणि पुढची दहा वर्षं राखीव यादीत राहणार. ही वीस वर्षं पुरी झाली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. रक्कम फार मोठी नव्हती. पण कोकणातल्या घरात किंवा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत दर महिन्याला हमखास येणारे पैसे म्हणजे काय, हे गिरणगावातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मग ३ जुलै १९७६ ला सरकारने पत्र काढलं. फ्लीट रिझर्व्हमध्ये नवीन माणसं घेणं बंद. नौदलाची बाजू समजण्यासारखी होती. जहाजं बदलत होती, यंत्रं बदलत होती, पाच-सात वर्षं घरी असलेल्या माणसाला अचानक नव्या जहाजावर चढवून उपयोग नव्हता. पण ज्यांनी ‘दहा अधिक दहा’वर सही केली होती, त्यांची पहिली दहा वर्षं नेमकी या तारखेनंतर संपत होती. ते सुटले, घरी आले. रिझर्व्हमध्ये घेतलंच नाही, म्हणून रिझर्व्हचा काळ भरला नाही. तो भरला नाही म्हणून रिझर्व्हिस्ट पेन्शन नाही. आणि नियमित पेन्शनला लागणारी पंधरा वर्षं तर झालीच नव्हती. यात त्यांनी काय चुकीचं केलं होतं? काहीच नाही. सरकारने कराराचा दुसरा अर्धा भाग काढून घेतला आणि मग तोच भाग पुरा न केल्याचं कारण पुढे केलं.

हे लोक कुठे गेले असतील, विचार करा. कुणी गोदीत लागलं, कुणी गिरणीत, कुणी बँकेत वॉचमन झालं. ‘नेव्हीत होतो’ हे नातवंडांना सांगायची गोष्ट होऊन बसलं. पेन्शन का नाही असं कुणी विचारलं की ‘पंधरा वर्षं झाली नाहीत ना’ एवढंच उत्तर.

काही जण मात्र थांबले नाहीत. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात त्यांचे दावे फेटाळले गेले, तेव्हा ते सुप्रीम कोर्टात गेले. टी. एस. दास आणि इतर विरुद्ध भारत सरकार या नावाने हा खटला ओळखला जातो आणि त्याचा निकाल २७ ऑक्टोबर २०१६ ला लागला. तारखा बघा: १९७६ चं पत्र, २०१६ चा निकाल. चाळीस वर्षं. विशीतला पोरगा सत्तरीच्या जवळ आला.

कोर्टाने जे सांगितलं त्यात एक बारीक, पण महत्त्वाचा फरक आहे. रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळणार नाही, कारण तुम्ही रिझर्व्हमध्ये प्रत्यक्ष नव्हतात. पण नौदलाच्या पेन्शन नियमांत ‘स्पेशल पेन्शन’ नावाची तरतूद आधीपासून आहे. दलाची रचना बदलल्यामुळे किंवा संख्या कमी केल्यामुळे ज्यांना जावं लागलं त्यांच्यासाठी ती आहे. ती तुम्हाला लागू होते. म्हणजे दार जे ठोठावलं ते उघडलं नाही, शेजारचं उघडलं. वकिलीचा अभ्यास करणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आणि हे दार कुणासाठी उघडलं? जो ३ जुलै १९७६ च्या आधी भरती झाला, ज्याची सुरुवातीची मुदत त्या दिवशी किंवा त्यानंतर संपली आणि ज्याने स्वतःहून सुटका मागितली नव्हती, अशा नौसैनिकासाठी. या तिन्ही गोष्टी आठवणीवर ठरत नाहीत, त्या सेवापत्रकावर ठरतात. ‘करार संपल्यामुळे’ असं लिहिलंय की ‘स्वतःच्या विनंतीवरून’? १९७८ साली कुणा कारकुनाने घाईत जे लिहिलं असेल, त्यावर २०१६ नंतर एका म्हाताऱ्या माणसाचं आणि त्याच्या बायकोचं औषधपाणी अवलंबून राहिलं.

म्हणूनच रेकॉर्ड दुरुस्ती हा विषय दिसतो तेवढा कोरडा नाही.

तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव

मराठी घरांत या कागदांवर कुठल्या चुका निघतात, ते बघण्यासारखं आहे. त्यातली सगळ्यात जास्त डोकेदुखी देणारी चूक ही खरं तर चूक नसतेच, ती रीत असते. लग्नात नवरदेव तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरची सुनंदा सासरी सुशीला होते. नौसैनिक लग्न झाल्यावर युनिटला कळवतो, सेवापत्रकात ‘सुशीला’ लागतं. आजीचा शाळेचा दाखला मात्र सुनंदाच्या नावाचा. आधार कार्ड काढताना तिने दाखल्यावरचं नाव सांगितलं, की रेशन कार्डावरचं, हे तिला स्वतःलाही आठवत नाही. आजोबा आहेत तोपर्यंत कुणाचं काही अडत नाही. ते गेले की पेन्शनचं कार्यालय सुशीलाबाईंना शोधतं आणि समोर बसलेल्या असतात सुनंदाबाई. ही एकच बाई आहे हे शेजारच्या दहा घरांना माहीत असतं, पण दहा घरं कागद नव्हेत.

दुसरी गोष्ट आडनाव. जुन्या नोंदींत बऱ्याचदा माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. आडनाव नंतर कुठून तरी येतं. कधी गावाचं, कधी कुळाचं. मग स्पेलिंग. जाधवच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ कधी आहे, कधी नाही. शिंदेचं सिंदे होतं. भरतीच्या टेबलावर बसलेला माणूस पंजाबचा किंवा तमिळनाडूचा असला, तर त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. त्यात त्याचाही दोष नाही.

(तसं बघायला गेलं तर रे रोडचंही हेच आहे. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव. कागदोपत्री तो रस्ता कधीचा बॅरिस्टर नाथ पै मार्ग झालाय. स्टेशनचं नाव बदललं नाही आणि टॅक्सीवाल्यालाही आपण रे रोडच सांगतो. रस्त्याला फॅमिली पेन्शन नसते, म्हणून चालून जातं.)

तिसरी गोष्ट, जन्मतारीख. ज्यांच्या घरी एक जूनला तीन-तीन वाढदिवस असतात त्यांना हे सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष टाकलं आणि तारीख टाकली १ जून. ती तारीख भरतीच्या फॉर्मवर गेली आणि कायमची चिकटली. खरी तारीख नंतर सापडली तरी बदलणं जवळजवळ अशक्य. नोकरी संपत आली की जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना कोर्टं फारशी दाद देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. एक वर्ष कमी झालं तर नोकरी वर्षभर वाढते, मागच्याची बढती अडते.

हे किती अवघड असावं? जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख असताना त्यांच्याच जन्मवर्षाचा वाद झाला. लष्कराच्या एका शाखेत १९५१ लिहिलं होतं, दुसऱ्या शाखेत १९५०. जन्म पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलमधला, म्हणजे खेड्यातल्या गुरुजींवर खापर फोडायचीही सोय नाही. एनडीएच्या फॉर्मवर १९५० पडलं होतं, पुढे ते निस्तरता निस्तरलं नाही. पदावर असलेला लष्करप्रमुख सरकारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. तेव्हा आपल्या आजोबांचं काम एका फेरीत झालं नाही, तर कपाळाला हात लावू नका.

नावाच्या बाबतीत मात्र गोष्टी बऱ्याच सोप्या आहेत. आजोबा हयात असतील तर त्यांचा अर्ज, मॅजिस्ट्रेट किंवा नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात छापलेली जाहिरात आणि जोडीला आधार, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद असं जे असेल ते. छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘माझ्या पत्नीचे नाव सेवापत्रकात अमुक असे आहे, ते तमुक असे वाचावे’ अशा मजकुराच्या दोन-चार ओळी कधीतरी दिसतात. आपण त्या न वाचता पान उलटतो. त्या दोन ओळींमागे बहुतेक वेळा एक आजी असते. हे काम आजोबा असताना केलं तर त्यांच्या एका सहीवर होतं. ते गेल्यावर केलं तर आजीला आपण त्यांची बायको होतो हे सिद्ध करत बसावं लागतं. माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात उपयोगाची माहिती हीच आहे.

फाइल कुठे शोधायची

नौसैनिक असतील तर मानखुर्द. नौदलाच्या पेन्शनचा हिशोब बघणारं कार्यालयही मुंबईतच, कूपरेज रोडवर. आजोबा आर्मीत असतील तर रेजिमेंट विचारा, कारण प्रत्येकाचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. एअर फोर्स असेल तर दिल्ली. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं. ते राज्य सरकारचं आहे, पत्र पुढे पाठवणं आणि पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे.

सेवापत्रकाची प्रत हातात नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज आजोबांच्या नावाने आणि सहीनेच करा, तुमच्या नाही. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तुमचा अर्ज परत येऊ शकतो. ते नसतील तर आजीच्या सहीने, नातं दाखवणारे कागद जोडून.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. ज्याला पेन्शन नाही अशा आर्मीतल्या सैनिकाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनंतर नष्ट करायचा नियम आहे. म्हणजे ज्याला पेन्शन मिळालं नाही, त्याच्याकडे ते का मिळालं नाही हे तपासायचा कागदही उरत नाही. कोर्टात सरकारतर्फे ‘रेकॉर्ड नियमानुसार नष्ट केलंय’ हे उत्तर अनेकदा दिलं जातं. अशा वेळी घरातल्या ट्रंकेत सापडलेलं जुनं डिस्चार्ज बुक हा एकमेव पुरावा ठरतो. दिवाळीच्या साफसफाईत ‘हे काय जुनं पिवळं’ म्हणून रद्दीत टाकण्याआधी दोनदा बघा. आणि लॅमिनेट करू नका, चिकटलेला कागद नंतर सुटत नाही. फोनवर दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून मेलवर टाका.

हल्ली सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून येते. पासवर्ड, ओटीपी, प्रोफाइलमधली माहिती तपासून ‘बरोबर आहे’ म्हणून टिक करणं, हे सगळं ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या हातात दिलंय. आजोबा चष्मा वर करून स्क्रीनकडे बघतात आणि हाक मारतात ती तुम्हाला. तेव्हा ‘ओके, ओके’ म्हणत टिक करत सुटू नका. बायकोच्या नावाच्या रकान्यात काय आहे, जन्मतारीख काय आहे, ते पेन्शनच्या मूळ ऑर्डरशी ताडून पाहा. चूक दिसली तर तिथेच नोंदवायची सोय आहे.

सगळीकडून नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने झालेलं हे सैन्यासाठीचं वेगळं न्यायालय, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. पेन्शन हा दर महिन्याचा हक्क असल्यामुळे उशिरा मागितलं म्हणून ते सहसा पूर्ण बुडत नाही, पण मागची थकबाकी कोर्टं साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. म्हणजे उशीर करण्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

पूर्वी, पश्चिमी आणि चोर बाजार

पदकांचं प्रकरण थोडं वेगळं. घरातल्या काचेच्या कपाटात रिबिनीला लावलेली चार-पाच पदकं असतात आणि पाहुण्यांना ती सगळी ‘शौर्यपदकं’ म्हणून दाखवली जातात. तसं नसतं. वीर चक्र किंवा नौसेना पदक हे एखाद्या कामगिरीसाठी नाव घेऊन दिलं जातं आणि ते भारताच्या राजपत्रात छापून येतं. बाकीची पदकं तुम्ही एखाद्या युद्धात, एखाद्या भागात, ठरावीक काळ होतात याची खूण असतात. त्यांनाही मान आहेच, फक्त प्रकार वेगळा.

१९७१ च्या युद्धासाठी पूर्वेकडच्या आघाडीला पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्या आघाडीला पश्चिमी स्टार. इथे जहाजाचं नाव सगळं ठरवतं. विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, म्हणजे पूर्वी. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी पश्चिमी. ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालेली खुकरी पश्चिमी. तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आता समजा आजोबा युद्धाच्या आधीच्या महिन्यात एका जहाजावरून दुसऱ्यावर बदलून गेले आणि ती बदली सेवापत्रकात उशिरा चढली. पदक चुकीचं मिळणार, किंवा मिळणारच नाही. दुरुस्तीसाठी जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि त्या काळातला एखादा कागद लागतो. बदलीची ऑर्डर, जुनं पे-बुक, त्या जहाजाच्या पत्त्यावर आलेलं पाकीट, काहीही चालून जाऊ शकतं.

‘आजोबांना वीर चक्र मिळायला हवं होतं’ हा दावा मात्र वेगळा आहे आणि पन्नास वर्षांनी तो उघडून घेणं फार अवघड. शिफारस त्या वेळच्या वरिष्ठाने वेळेत केलेली असावी लागते. युद्धाची नोंद दुरुस्त करून मिळाल्याचं गाजलेलं उदाहरण कारगिलचं आहे. बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंह यांच्या कामगिरीचा अहवाल नीट लिहिला गेला नाही, असं न्यायाधिकरणाने २०१० मध्ये म्हटलं आणि नोंदी दुरुस्त करायला सांगितलं. कारगिलनंतर अकरा वर्षांनी. तेही ब्रिगेडियर हुद्द्याच्या माणसाला लढून मिळवावं लागलं.

एक शॉर्टकट लोक वापरतात, त्याबद्दलही सांगायला हवं. चोर बाजारात जुनी पदकं विकत मिळतात. हरवलेल्या पदकाच्या जागी तसंच दिसणारं आणून लावायचा मोह होतो. पण बऱ्याच जुन्या पदकांच्या कडेवर ते ज्याला दिलं त्याचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. म्हणजे कपाटात आजोबांच्या फोटोखाली दुसऱ्याच कुणाच्या आजोबांचं पदक लटकत राहतं. त्यापेक्षा रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून कोणकोणत्या पदकांना ते पात्र आहेत याची यादी मागवलेली बरी.

रेकॉर्डवर ‘बंडखोर’

सगळ्या चुका स्पेलिंगच्या नसतात. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी काम बंद केलं आणि बघता बघता वीस हजारांच्या आसपास नौसैनिक त्यात उतरले. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला, रस्त्यावर गोळीबार झाला, दोनशेहून जास्त माणसं मेली. शेकडो नौसैनिकांना नोकरीतून काढून टाकलं गेलं. त्यांच्या कागदांवर जे लिहिलं गेलं ते इंग्रजांच्या भाषेत बंड होतं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, पण शेरा आपोआप पुसला गेला नाही आणि नोकरीही परत मिळाली नाही. पुढे स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या योजनेत या उठावाचा समावेश झाला. इथे शब्द कुणी खोडला नाही, फक्त त्याच शब्दाचा अर्थ बदलला. पण पेन्शन मागायला पुन्हा तोच कागद लागला, ज्यावर तुम्हाला हाकलल्याचं लिहिलं होतं. ज्याने तो संतापून फाडून टाकला असेल, त्याचं काय झालं असेल, असा विचार मनात येतोच.

रे रोडपासून उलट्या दिशेला, सीएसएमटीकडे, तिसरं स्टेशन मस्जिद. तिथे इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून जास्त नावांची यादीही मुंबईशीच जोडलेली. यातले बरेच जण नौदलाचे नव्हते, व्यापारी जहाजांवरचे खलाशी होते. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या, नावं कुठेच नोंदवली गेली नाहीत. शंभर वर्षांनी का होईना, नावं शोधायचं काम सुरू आहे आणि नोंदीत चूक दिसली तर कुणीही आयोगाला कळवू शकतं. कोकणातल्या तुमच्या गावी ‘पणजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ अशी गोष्ट असेल तर आयोगाच्या यादीत एकदा शोधून बघा. स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून बघा, हे ओघाने आलंच.

तुमच्यापैकी काही जण टेरिटोरियल आर्मीचा फॉर्म भरणार असतील, काही जण अग्निवीर म्हणून गेले असतील. टेरिटोरियल आर्मी म्हणजे आजच्या काळातले रिझर्व्हिस्टच, आपापली नोकरी-धंदा सांभाळून वर्दी चढवणारे. अग्निवीरांपैकी चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत लोक कायम होणार, बाकीचे हातात प्रमाणपत्र घेऊन घरी येणार. पेन्शन नाही, म्हणजे त्या चार वर्षांचा पुरावा एवढाच कागद. तेव्हा दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि भरतीचा फॉर्म या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आत्ताच बघून घ्या.

आणि आजोबांना विचारायला बसाल तेव्हा तारखांनी सुरुवात करू नका, त्या त्यांना आठवणार नाहीत. आधी सर्व्हिस नंबर विचारा. सकाळचं औषध घेतलं की नाही हे विसरणारा माणूसही तो नंबर एका दमात सांगतो. मग जहाजाचं नाव, मग कॅप्टनचं, मग सोबतच्या दोघा-तिघांची नावं, त्यांचं गाव. तोपर्यंत फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि आजीला मध्ये बोलू द्या. कोणतं जहाज कधी मुंबईला लागलं, हे बऱ्याचदा तिलाच जास्त नीट आठवतं.